गॅस चेंबरच्या आधी कचेरी होती

हिटलर वेडा होता, असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. शाळेच्या पुस्तकात दोन परिच्छेद, मिशीवाला एक चेहरा आणि ‘साठ लाख ज्यू मारले गेले’ हे परीक्षेपुरते वाक्य. एका वेड्याने सत्ता बळकावली, त्याने माणसे मारली, मग तो मेला. गोष्ट संपली. आपल्या मुस्लिम समाजात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट फिरते. पॅलेस्टाइनवर बॉम्ब पडू लागले की मोबाइलवर हिटलरचे छायाचित्र येते. त्याखाली मजकूर असतो, की आपण सगळेच यहुदी मारू शकलो असतो, पण काही मुद्दाम शिल्लक ठेवले, म्हणजे आपण असे का केले ते जगाला कळेल. हिटलरने हे कुठे लिहिल्याचा वा कोणत्या भाषणात म्हटल्याचा पुरावा नाही. ते बनावट आहे. तरीही शिकलेसवरलेले, पाच वेळची नमाज पढणारे लोक ते पुढे पाठवतात आणि वर ‘सच बात’ असा शेराही मारतात.

मला या दोन्ही गोष्टींशी भांडायचे आहे. पहिली गोष्ट खोटी आहे, कारण एकटा वेडा साठ लाख माणसे मारू शकत नाही. त्यासाठी कारकून लागतात, न्यायाधीश लागतात, रेल्वेचे वेळापत्रक लागते, चर्चमधली बाप्तिस्म्याची वही लागते आणि शेजारी लागतात. दुसरी गोष्ट खोटी तर आहेच, शिवाय ती आपल्यालाच आंधळे करणारी आहे. जो अल्पसंख्य समाज दुसऱ्या अल्पसंख्य समाजाच्या कत्तलीवर खूश होतो, तो त्या कत्तलीपर्यंत जाणारी वाट ओळखायला कधीच शिकत नाही. ती वाट काय होती, हे आधी नीट पाहू.

१९३३ साली जर्मनीत ज्यू होते सुमारे सव्वापाच लाख. एकूण लोकसंख्येच्या एक टक्काही नाही. ते जर्मन बोलत, जर्मन लिहीत, जर्मन संगीतावर जीव टाकत. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यात होते आणि बारा हजारांच्या आसपास जर्मनीसाठी मेले. तरी युद्ध हरल्यावर खापर कोणावर फुटले? ज्यूंवर. पाठीत खंजीर खुपसला, असे सांगितले गेले. द्वेष नवा नव्हता. येशूला मारणारे म्हणून युरोपातल्या चर्चने शतकानुशतके त्यांना हिणवले होते. १९ व्या शतकात त्या धार्मिक द्वेषाला वंशाचा मुलामा चढला. धर्म बदलून सुटका होण्याची जी एक वाट होती, तीही वंशाच्या सिद्धांताने बंद केली. पण द्वेष पुष्कळ देशांत होता. जर्मनीत तो सरकारी फायलीत शिरला. फरक तिथे पडला.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. तो कायदेशीर मार्गाने, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गच्या नेमणुकीने झाला, हे विसरू नये. १ एप्रिलला ज्यू दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. दारात गणवेशातले तरुण उभे केले. बहिष्कार एक दिवस चालला आणि फारसा यशस्वीही झाला नाही. पण सहा दिवसांनी, ७ एप्रिलला, एक कायदा आला. नाव किती सभ्य पाहा : व्यावसायिक नागरी सेवेच्या पुनःस्थापनेचा कायदा. त्यात एक कलम होते की जे ‘आर्य’ नाहीत त्या सरकारी नोकरांना निवृत्त करावे. दगड नाही, काठी नाही. एक कागद हातात आला आणि प्राध्यापक, न्यायाधीश, सरकारी डॉक्टर घरी बसले. २५ एप्रिलला शाळा-विद्यापीठांतल्या ‘गर्दी’विरुद्ध कायदा झाला आणि नव्या प्रवेशात ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण दीड टक्क्यावर आणले गेले.

या पहिल्या कायद्यात एक सवलत होती. जे महायुद्धात आघाडीवर लढले त्यांना वगळावे, असा आग्रह हिंडेनबर्गने धरला आणि तो मान्य झाला. पुष्कळ ज्यूंना वाटले, चला, देशासाठी रक्त सांडणाऱ्यांना कोणी हात लावणार नाही. आपण ‘चांगले’ ज्यू आहोत, देशभक्त आहोत, आपले कागद पक्के आहेत. ही सवलत १९३५ मध्ये संपली. सवलत देणारा हात ती काढूनही घेऊ शकतो. हक्क आणि मेहेरबानी यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याला तो असा कळवला जातो.

दुसरी पायरी व्याख्येची. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्ग येथे दोन कायदे झाले. एकाने जर्मन नागरिकांचे दोन वर्ग पाडले. ‘जर्मन रक्ताचे’ ते पूर्ण नागरिक, बाकीचे नुसते राज्याचे प्रजाजन. दुसऱ्याने ज्यू आणि जर्मन यांच्या लग्नाला आणि शरीरसंबंधाला गुन्हा ठरवले. ४५ वर्षांखालील जर्मन स्त्रीने ज्यू घरात मोलकरीण म्हणून राहू नये, असेही त्यात होते. प्रेमावर आणि घरकामावर कायद्याचा पहारा बसला. मुलीबाळींच्या अब्रूचे नाव पुढे करून एका समाजाला गुन्हेगार ठरवण्याची युक्ती आपल्या काळात निघालेली नाही, ती जुनीच आहे.

पण ज्यू म्हणजे कोण? हा प्रश्न कारकुनांना पडला. रक्तात तर काही दिसत नाही. १४ नोव्हेंबर १९३५ च्या पूरक आदेशाने उत्तर दिले : ज्याच्या चार आजी-आजोबांपैकी तीन किंवा चार ज्यू, तो ज्यू. मग आजोबा ज्यू होते हे कशावरून ठरवायचे? ते ज्यू धर्मसंस्थेचे सदस्य होते यावरून! वंशशास्त्राचा एवढा डंका पिटला आणि शेवटी पुरावा म्हणून धर्माची नोंदवहीच उघडावी लागली. मग साऱ्या जर्मनीने आजी-आजोबांचे दाखले गोळा करायला सुरुवात केली. नोकरीसाठी दाखला, लग्नासाठी दाखला. पाद्री आणि चर्चचे कारकून बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या चाळून शिक्के मारू लागले. त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कोणाला थप्पडही मारली नसेल.

या कायद्यांच्या घडणीत गृहखात्यातला विल्हेल्म श्टुकार्ट हा कायदेपंडित होता. त्याने हान्स ग्लोब्के या सहकाऱ्याबरोबर १९३६ मध्ये त्यांवर भाष्यग्रंथही लिहिला. ही दोन नावे लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहेत.

त्या वेळी काही ज्यूंनी सुटकेचा नि:श्वासही टाकला. निदान आता नियम ठरले, रस्त्यावरची गुंडगिरी थांबेल, खालच्या दर्जाचे का होईना पण कायद्याच्या चौकटीत जगता येईल, असे त्यांना वाटले. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिम्पिक भरले तेव्हा ज्यूविरोधी पाट्याही काही काळ उतरवण्यात आल्या. परदेशी पाहुणे खूश होऊन गेले. पाट्या उतरल्या, कायदे तसेच राहिले.

तिसरी पायरी नोंदीची आणि लुटीची. ती १९३८ साली एका मागोमाग एक आली. एप्रिलमध्ये हुकूम निघाला : पाच हजार मार्कांपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूने तिची नोंद करावी. लूट करण्याआधी यादी मागवली, तीही ज्याला लुटायचे त्याच्याच हातून लिहून घेतली. ऑगस्टमध्ये हुकूम निघाला : ज्याचे नाव ऐकून तो ज्यू आहे हे कळत नाही, अशा पुरुषाने नावात ‘इस्राएल’ आणि स्त्रीने ‘सारा’ जोडावे. ऑक्टोबरमध्ये ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ अक्षराचा शिक्का आला. त्याच महिन्याच्या अखेरीस पोलंडचे नागरिकत्व असलेले सुमारे १७ हजार ज्यू घरांतून उचलून पोलंडच्या सीमेवर नेऊन सोडले. त्यांतले कित्येक वर्षानुवर्षे जर्मनीत राहिलेले होते, कित्येकांची मुले तिथेच जन्मलेली होती. पोलंडही त्यांना घेईना. थंडीत दोन देशांच्या मध्ये माणसे अडकली.

त्यांतल्या एका कुटुंबाच्या सतरा वर्षांच्या मुलाने, हेर्शेल ग्रिन्श्पानने, पॅरिसमध्ये एका जर्मन अधिकाऱ्यावर गोळी झाडली. हे निमित्त झाले. ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग पेटले. हजाराहून अधिक सिनेगॉग जाळले किंवा फोडले गेले, साडेसात हजारांच्या आसपास दुकाने फुटली, सुमारे ३० हजार ज्यू पुरुष छळछावण्यांत गेले. अग्निशमन दलाला हुकूम होता, की आग शेजारच्या जर्मन इमारतीला लागू नये एवढेच पाहा. मरणारा ज्यू आणि आरोपीही ज्यू! सरकारने नुकसानीबद्दल दंड ठोठावला तो ज्यूंनाच : शंभर कोटी मार्क. विम्याची जी भरपाई मिळायची तीही सरकारने जप्त केली. आपले घर जळाले आणि पंचनाम्यात आपलेच नाव आरोपी म्हणून आले, हा अनुभव ज्या समाजांना आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. त्या रात्री पुष्कळ जर्मनांना काचांचा खच पाहून किळस आली. गोंगाट, नासधूस त्यांना आवडली नाही. पण पुढच्या महिन्यांत तेच ज्यू दुकान कवडीमोलाने विकायला निघाले तेव्हा गिऱ्हाइकांची वाण नव्हती. पुढे युद्धात हद्दपार झालेल्यांच्या पलंगांचे, चादरींचे, भांड्यांचे जाहीर लिलाव झाले तेव्हाही नव्हती. दंगल करणारे थोडे असतात. दंगलीनंतर दुकान विकत घेणारे जास्त असतात आणि ते सभ्य असतात.

मग ज्यू पळून का गेले नाहीत, असे विचारले जाते. गेले. युद्ध सुरू होईपर्यंत जर्मनीतले निम्म्याहून अधिक ज्यू गेले. पण जाताना मालमत्तेचा मोठा भाग करापोटी ठेवून जावे लागे आणि घेणारा देश सापडावा लागे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ येथे ३२ देशांची परिषद भरली. सहानुभूतीची भाषणे झाली, दारे बहुतेकांनी बंदच ठेवली. मे १९३९ मध्ये ‘सेंट लुईस’ हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन निघाले, त्यांत जवळजवळ सगळे ज्यू. क्यूबाने मोजके सोडून बाकीच्यांना उतरू दिले नाही, अमेरिकेने घेतले नाही, जहाज युरोपला परतले. त्यांतले २५४ जण पुढे मारले गेले. आज नरसंहाराबद्दल जगाला नीतीचे धडे देणाऱ्यांनी त्या वेळी काय केले, हेही हिशेबात धरले पाहिजे.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि काही लाखांचा ‘प्रश्न’ काही दशलक्षांचा झाला. पोलंडमधले ज्यू शहराशहरांत कोंडले गेले. वॉर्सात नोव्हेंबर १९४० मध्ये भिंत बंद झाली. शहरातली तीस टक्के माणसे अडीच टक्क्यांहून कमी जागेत. शिधा इतका तुटपुंजा की १९४२ च्या मध्यापर्यंत तिथे सुमारे ८३ हजार माणसे भूक आणि रोगराईने मेली. आधी माणसांना घाणीत कोंडायचे आणि मग म्हणायचे, पाहा, हे लोक किती घाणेरडे, यांच्यामुळे रोग पसरतात. वस्ती आधी तयार करायची, वस्तीची बदनामी नंतर.

त्याच काळात जर्मनीत दुसरे एक काम चालू होते. मतिमंद, मनोरुग्ण, अपंग जर्मनांना ‘जगण्यास अपात्र’ ठरवून डॉक्टरांच्या हातून मारले जात होते. ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७० हजार माणसे वायूने मारली गेली. हे मेलेले लोक जर्मन होते. त्यांचे नातेवाईक कुजबुजू लागले, ३ ऑगस्टला म्युन्स्टरच्या बिशप फॉन गालेनने प्रवचनातून उघड निषेध केला आणि त्याच महिन्यात हिटलरने ही मोहीम अधिकृतपणे थांबवली. गुपचूप ती पुढे चालूच राहिली, पण गॅस चेंबर बंद झाले. ते चालवणारे पुष्कळ कर्मचारी मग पोलंडमध्ये बेल्झेत्स, सोबिबोर, त्रेब्लिंका येथे नेमले गेले. यातून दोन गोष्टी कळतात. हे राज्य जनतेच्या नाराजीचा अंदाज घेत होते. आणि ज्यूंसाठी तशी नाराजी फारशी झालीच नाही. झाली तिथे फरक पडला. १९४३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्लिनच्या रोझनस्ट्रासे या रस्त्यावर ज्यू नवऱ्यांच्या जर्मन बायका दिवसचे दिवस उभ्या राहिल्या आणि ते नवरे सुटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कच्या लोकांनी सात हजारांहून अधिक ज्यू होड्यांतून स्वीडनला पोचवले.

२२ जून १९४१ रोजी सोव्हिएत रशियावर हल्ला झाला आणि सैन्यामागोमाग खास पथके निघाली. आधी ज्यू पुरुषांना गोळ्या, ऑगस्टपासून बायका-मुलांनाही. कीव्हजवळच्या बाबी यार या घळीत २९ व ३० सप्टेंबर या दोन दिवसांत ३३,७७१ माणसे मारली गेली. हा आकडा मारणाऱ्यांनीच वर कळवला आहे. लिथुआनियातल्या एका पथकाच्या प्रमुखाने १ डिसेंबरला तारीखवार, गाववार तक्ता पाठवला. त्याची बेरीज १,३७,३४६. दुकानदार माल खपल्याचा हिशेब ठेवतो तसा हा हिशेब आहे.

ही माणसे राक्षस होती का? जुलै १९४२ मध्ये पोलंडमधल्या युझेफुफ गावी जर्मन राखीव पोलिसांची एक तुकडी गेली. हॅम्बुर्गकडची, मध्यम वयाची, बायकामुले असलेली माणसे. कमांडरने सांगितले, ज्यांना हे काम जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावे. सुमारे पाचशेंतले डझनभर बाजूला झाले. त्यांना शिक्षा झाली नाही. बाकीच्यांनी दिवसभर बायका-मुलांना गोळ्या घातल्या. नकार देता येत होता. बहुतेकांनी तो दिला नाही.

आता कागदाकडे पुन्हा येऊ. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनीतल्या ज्यूंच्या छातीवर पिवळा तारा आला. ऑक्टोबरमध्ये देश सोडून जाण्यावर बंदी आली. इतकी वर्षे ‘निघून जा’ म्हणणाऱ्यांनी आता दारच लावले. आणि २५ नोव्हेंबरला १९३५ च्या नागरिकत्व कायद्याखाली एक नवा आदेश निघाला : जो ज्यू देशाबाहेर राहायला जाईल त्याचे नागरिकत्व आपोआप जाईल आणि त्याची मालमत्ता सरकारजमा होईल. वाचताना हे निर्वासितांबद्दल वाटते. पण त्या वेळी बाहेर कोण जात होते? ज्यांना पोलीस आगगाडीत कोंबून पूर्वेला पाठवत होते ते. म्हणजे सरकारनेच माणसाला सीमेपार ढकलायचे आणि सीमा ओलांडली म्हणून त्याचे नागरिकत्व व घर काढून घ्यायचे. पुढे त्याला ज्या खड्ड्याशी किंवा ज्या चेंबरमध्ये नेले, तिथे तो कोणत्याच देशाचा नव्हता. त्याच्यासाठी कोणत्याही वकिलातीने पत्र लिहिले नसते.

रेल्वे खात्याने या माणसांचे भाडे लावले. तिसऱ्या वर्गाचे, किलोमीटरमागे. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे, चार वर्षांखालच्यांना फुकट, मोठ्या संख्येला सवलत. तिकीट एकेरी.

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वान्झे सरोवराकाठच्या बंगल्यात पंधरा अधिकारी बसले. बैठक सुमारे दीड तास चालली. पंधरातले आठ जण डॉक्टरेट मिळवलेले होते. समोर देशवार यादी होती, एकूण बेरीज एक कोटी दहा लाख ज्यू. गृहखात्यातर्फे तिथे कोण होते? तेच विल्हेल्म श्टुकार्ट. १९३५ मध्ये ज्यू म्हणजे कोण हे लिहिणारा माणूस १९४२ मध्ये त्या ज्यूंचे काय करायचे या बैठकीत बसला होता. मधल्या सात वर्षांत त्याने खाते बदलले नाही. त्याचा सहलेखक ग्लोब्के तर युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलर आडेनाउअरच्या कार्यालयाचा प्रमुख झाला आणि १९६३ पर्यंत त्या पदावर राहिला.

उरलेले सगळ्यांना ऐकून माहीत आहे. वॉर्साच्या घेट्टोतून १९४२ च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक माणसे त्रेब्लिंकाला नेली. आउशविट्झमध्ये सुमारे अकरा लाख माणसे मारली गेली, त्यांत दहा लाख ज्यू. १९४४ च्या मेपासून आठ आठवड्यांत हंगेरीतून सव्वाचार लाखांहून अधिक ज्यू नेले. जुलै १९४४ मध्ये, युद्ध हरत आलेले असताना, एजियन समुद्रातल्या ऱ्होड्स बेटावरून सतराशेच्या आसपास ज्यू होड्यांनी आणि मालगाड्यांनी आउशविट्झपर्यंत ओढत नेले. ‘काही मुद्दाम शिल्लक ठेवले’ म्हणणाऱ्यांनी नकाशावर ऱ्होड्स आणि आउशविट्झ यांमधले अंतर मोजावे. शिल्लक कोणाला ठेवायचेच नव्हते. एकूण सुमारे साठ लाख, त्यांत एकट्या पोलंडचे तीस लाख. रोमा, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांनाही, याच यंत्रणेने लाखोंनी मारले.

हे सारे १९३३ मध्येच ठरले होते का, यावर इतिहासकारांत वाद आहे. माझ्या मते या वादातून आपल्याला घेण्याजोगी गोष्ट अशी : १९३३ मधल्या कारकुनाला गॅस चेंबर माहीत असण्याची गरजच नव्हती. त्याने फक्त त्याच्या टेबलावरचा कागद पुढे सरकवायचा होता. यादी नसती तर तारा लावता आला नसता, व्याख्या नसती तर यादी करता आली नसती. प्रत्येक पायरीवर लोक म्हणाले, यापुढे जाणार नाहीत.

आता आपल्या लोकांकडे वळतो. ‘साठ लाख हा आकडा फुगवलेला आहे, हा सगळा झायोनिस्टांचा प्रचार आहे’ असे आपल्यातले काही विद्वान सांगतात. पुरावा ज्यूंनी दिलेला नाही, मारणाऱ्यांच्या दप्तरांनी दिला आहे. वान्झेच्या बैठकीचे टिपण जर्मन परराष्ट्र खात्याच्या कागदांत सापडले. आउशविट्झचा कमांडंट रुडॉल्फ हेस याने स्वतः कबुली दिली. डेव्हिड अर्विंग या इंग्रज लेखकाने आपल्याला नरसंहार नाकारणारा म्हटले म्हणून लंडनच्या न्यायालयात दावा लावला आणि २००० मध्ये तो हरला. न्यायाधीशाने त्याला पुराव्याची मोडतोड करणारा ठरवले. २००६ च्या डिसेंबरात तेहरानमध्ये याच अर्विंगच्या पठडीतल्या लोकांची परिषद भरवली गेली. त्यात अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लॅनचा माजी म्होरक्या डेव्हिड ड्यूकही मानाने बसला होता. गोऱ्यांच्या वर्चस्वाचा हा प्रचारक उद्या आपल्याला आपल्या दारात तरी उभे करील का?

आणि एक आठवण देतो. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांच्या आसपास मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. तो वंशसंहार होता असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये दिला. तो नाकारणारे आजही आहेत. त्यांची भाषा ऐका : आकडा फुगवलेला आहे, प्रेते युद्धातल्या सैनिकांची आहेत, हा मुस्लिमांचा प्रचार आहे. शब्द तेच, फक्त मेलेल्यांचे नाव बदलले. स्रेब्रेनित्साच्या आयांना न्याय मागायचा आणि आउशविट्झला खोटे म्हणायचे, हे एकाच तोंडाने कसे जमते?

दुसऱ्या महायुद्धात मुस्लिम कुठे होते, हेही लपवायला नको. जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी २८ नोव्हेंबर १९४१ रोजी बर्लिनमध्ये हिटलरला भेटले, नाझींच्या रेडिओवरून ज्यूंविरुद्ध बोलले, बोस्नियात त्यांच्या फौजेसाठी भरतीला हातभार लावला. हा कलंक आहे. पण त्याच बर्लिनमध्ये डॉ. मोहम्मद हेल्मी हा इजिप्शियन डॉक्टरही होता. ‘आर्य’ नाही म्हणून त्यालाही नोकरी गमवावी लागली होती, अटक सोसावी लागली होती. तरी त्याने एका ज्यू मुलीला युद्ध संपेपर्यंत लपवले. सारायेव्होत मुस्तफा आणि झेय्‌नेबा हार्दागा या दांपत्याने ज्यू शेजाऱ्यांना घरात आसरा दिला. १९९४ मध्ये सारायेव्होला वेढा पडलेला असताना झेय्‌नेबाबाईंना बाहेर काढण्यासाठी धावून आले ते त्याच ज्यू कुटुंबाचे लोक. अल्बानियात मुस्लिमबहुल वस्तीने आश्रिताला दिलेला शब्द पाळला, तो इतका की युद्ध संपले तेव्हा तिथे आधीपेक्षा जास्त ज्यू होते. आपल्या मुलांना मुफ्तींचा फोटो दाखवायचा की हार्दागांचा, हे आपण ठरवायचे आहे.

आपल्याला तर यहुदी परके नाहीत. कोकणात अलिबाग, रेवदंडा, पेण भागात बेने इस्राएल मराठी बोलत शतकानुशतके राहिले. तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून ‘शनिवार तेली’. आपल्या सिनेगॉगला ते मशीदच म्हणत. मुंबईत १७९६ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या ‘जुन्या मशिदी’वरून मस्जिद बंदर हे नाव पडले, असे सांगतात. २००८ च्या नोव्हेंबरात नरीमन हाउसमध्ये ज्यूंना वेचून मारणाऱ्या दहशतवाद्यांना कब्रस्तानात जागा देणार नाही, असे मुंबईच्या मुस्लिमांनी ठणकावून सांगितले. ती आपली परंपरा आहे. मोबाइलवरचा हिटलर कुठून आला, ते आता पाहा. १९३९ मध्ये गोळवलकरांचे एक पुस्तक नागपूरहून निघाले. जर्मनीने ज्यूंना हाकलून वंशाभिमान दाखवला आणि हिंदुस्थानने त्यातून धडा घ्यावा, असे त्यात म्हटले होते. तो धडा कोणासाठी होता, हे आपल्याला माहीत आहे. आणि आपण त्याच हिटलरच्या फोटोला ‘सच बात’ म्हणतो!

गाझाचे काय, असे विचारले जाईल. विचारावेच. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर गाझात हजारो मुले मारली गेली, माणसे उपाशी ठेवली गेली, वस्त्याच्या वस्त्या भुईसपाट झाल्या. आउशविट्झच्या नावावर याचे समर्थन करणे हा आउशविट्झमध्ये मेलेल्यांचा अपमान आहे, आणि असे म्हणणारे ज्यूही जगात पुष्कळ आहेत. पण इस्राएलच्या सरकारने जे केले त्याचा सूड १९४२ मध्ये मेलेल्या मुलावर उगवता येत नाही. कोणत्याही लोकांवरच्या रागापोटी इन्साफ सोडू नका, ही सूरह माइदातली ताकीद शुक्रवारच्या खुतब्यात ऐकायची आणि घरी येऊन तो फोटो पुढे पाठवायचा, याला काय म्हणावे?

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. तो मजकूर पुसून टाका आणि पाठवणाऱ्याला खोटे आहे असे नाव घेऊन सांगा. आपल्या मुलांना हा इतिहास तारीखवार शिकवा : १९३३ ची नोकरी, १९३५ ची व्याख्या, १९३८ ची यादी, १९४१ चे नागरिकत्व. कोणत्याही देशात, कोणतेही सरकार, कोणत्याही समाजासाठी – तो यहुदी असो, रोहिंग्या असो, आपला असो की आपल्याला न आवडणारा असो – नागरिकांचे दोन वर्ग पाडू लागले, की त्याच दिवशी, त्याच कचेरीच्या दारात हरकत घ्यायची असते. पहिल्या कागदावर गप्प बसलेल्यांना पुढच्या पायऱ्यांवर कोणी विचारत नाही.